व्हायकिंगांची युद्धपद्धती आणि तिचे उरलेले पुरावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हायकिंगांचे एकच सैन्य होते का?

नव्हते. आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आजच्या डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनच्या प्रदेशांतून निघालेल्या सशस्त्र टोळ्यांना आपण सरसकट व्हायकिंग म्हणतो. परंतु या काळाच्या आरंभी त्या प्रदेशांत एकछत्री राज्येच नव्हती, मग राजाचे खडे सैन्य कोठून असणार? लढणारा माणूस एखाद्या सरदाराला बांधलेला असे. सरदाराने अन्न, शस्त्रे आणि लुटीतला वाटा द्यायचा आणि माणसाने त्याच्यासाठी जिवाची बाजी लावायची, असा तो व्यवहार होता. अशा अनेक तुकड्या मोहिमेपुरत्या एकत्र येत, त्यांचे दोन-तीन पुढारी मिळून तह करीत आणि मोहीम संपली की आपापल्या वाटेने निघून जात. १०१३ मध्ये इंग्लंड जिंकणारा डेन्मार्कचा राजा स्वेन आणि १०१६ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसलेला त्याचा मुलगा क्नूट यांच्या स्वाऱ्या मात्र वेगळ्या जातीच्या होत्या. त्यांच्यामागे राज्याची साधनसामग्री आणि राज्य मिळवण्याचा हेतू होता. त्यामुळे व्हायकिंग कसे लढत, हे सांगताना कोणत्या दशकातले आणि कोणत्या मुलखातले, हे प्रत्येक वेळी सांगावे लागते.

त्यांचे हल्ले ७९३ मध्ये सुरू झाले, हे खरे आहे का?

८ जून ७९३ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या लिंडिसफार्न बेटावरील मठ लुटला गेला आणि या घटनेने व्हायकिंग युगाची सुरुवात मानण्याचा प्रघात पडला. पश्चिम युरोपातल्या फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारातील विद्वान अल्क्विन हा मूळचा यॉर्कचा होता. त्याने नॉर्थम्ब्रिया या उत्तर इंग्लंडमधील राज्याच्या राजाला आणि लिंडिसफार्नच्या बिशपला लिहिलेली पत्रे उपलब्ध असून, समुद्रावरून असा घाला येऊ शकतो ही कल्पनाही कोणी केली नव्हती, असे तो त्यांत म्हणतो. परंतु त्याआधीच, ७८९ या सालाखाली नोंदवलेल्या एका घटनेत, दक्षिण किनाऱ्यावर उतरलेल्या तीन जहाजांमधील लोकांनी त्यांना व्यापारी समजून सामोरे गेलेल्या राजाच्या अधिकाऱ्याला ठार मारले होते.

याहून जुना पुरावा बाल्टिक समुद्रात मिळाला. एस्टोनियाच्या सारेमा बेटावर साल्मे या गावी २००८ आणि २०१० मध्ये दोन जहाजे सापडली. त्यांत इसवी सन ७५० च्या सुमाराचे एकूण ४१ पुरुष पुरलेले होते, एका जहाजात ७ आणि दुसऱ्यात ३४. तलवारी, ढाली, सोंगट्या आणि ससाणे त्यांच्यासोबत होते, अनेकांच्या हाडांवर शस्त्रांच्या जखमा होत्या, आणि दातांतील समस्थानिकांवरून (बालपणीच्या अन्नपाण्यातून दातांत उतरलेल्या, मूळ प्रदेश सांगणाऱ्या अणुप्रकारांवरून) हे लोक मध्य स्वीडनच्या भागातले होते असे दिसले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात त्यांतील चौघे सख्खे भाऊ निघाले. हे छापा घालायला आलेले होते की वाटाघाटींसाठी आलेल्या शिष्टमंडळावर हल्ला झाला, यावर मतभेद आहेत. कसेही असले, तरी शस्त्रधारी माणसांनी भरलेली जहाजे समुद्रापार नेण्याची रीत लिंडिसफार्नच्या किमान चाळीस वर्षे आधीची ठरते. ७९३ मध्ये ज्यांच्यावर हल्ला झाला ते लिहिते लोक होते, आणि या सालाला आलेल्या महत्त्वाचे निम्मे श्रेय त्यांच्या लेखणीला द्यावे लागेल.

हल्ल्याची वेळ आणि जागा ते कशी निवडत?

आंधळेपणाने खचितच नाही. ८४३ मध्ये फ्रान्समधील नांत शहरावर घाला पडला तो २४ जूनला, संत जॉनच्या सणाच्या दिवशी. ८४५ मध्ये पॅरिस गाठले गेले ते ईस्टरला. ८६६ मध्ये यॉर्क घेतले गेले १ नोव्हेंबरला, म्हणजे सर्व संतांच्या सणाला. आणि ८७८ च्या जानेवारीत नाताळचे दिवस नुकतेच संपत असताना व्हायकिंग पुढारी गुथ्रुमने चिपनम ताब्यात घेऊन दक्षिण इंग्लंडमधील वेसेक्स राज्याच्या आल्फ्रेड राजाला दलदलीच्या प्रदेशात पळ काढायला लावले. सणाच्या दिवशी गावात माणसे आणि मौल्यवान वस्तू एकत्र असतात आणि पहारा ढिला असतो. असे दिवस साधायचे तर ख्रिस्ती दिनदर्शिकेची आणि स्थानिक राजकारणाची खबर हवी, आणि ती व्यापाराच्या वाटांवरून मिळत असे. यॉर्क पडले तेव्हा नॉर्थम्ब्रियात दोन राजे एकमेकांशी भांडत होते. फ्रान्समध्ये हल्ले वाढले तेव्हा शार्लमेनचे नातू राज्याच्या वाटणीसाठी लढत होते. भाऊबंदकीत अडकलेले राज्य हेरण्याची ही नजर, माझ्या मते, त्यांच्या कुऱ्हाडीपेक्षा अधिक धारदार होती.

जहाजांचे नेमके महत्त्व काय होते?

जहाजामुळे सैन्याला वेग मिळे आणि परतीची वाट हातात राहत असे. फळ्या एकमेकींवर चढवून लोखंडी खिळ्यांनी जोडलेला त्यांचा सांगाडा हलका आणि लवचीक असे. तळ उथळ असल्याने जहाज नदीतून आत खोलवर जाई आणि धक्क्याशिवाय वाळूवर चढवता येई. सीन, लुआर, टेम्स, ट्रेंट या नद्या त्यामुळे हमरस्ते झाल्या.

या बाबतीत आपले ज्ञान मुख्यतः प्रत्यक्ष जहाजांवर आधारलेले आहे. नॉर्वेतील गोक्स्टाड येथे १८८० मध्ये थडग्याच्या टेकाडातून निघालेले जहाज ८९० च्या सुमारास बांधलेले, सुमारे २३ मीटर लांब आणि दोन्ही बाजूंना सोळा-सोळा वल्ह्यांचे आहे. त्यासोबत ६४ ढाली होत्या. डेन्मार्कमधील रोस्किल्डच्या खाडीत स्कुल्डेलेव्ह येथे १९६२ मध्ये पाच जहाजांचे अवशेष बाहेर काढण्यात आले. शत्रूला जलमार्ग बंद करण्यासाठी ती अकराव्या शतकात मुद्दाम बुडवलेली होती. त्यांपैकी सुमारे ३० मीटर लांबीच्या युद्धनौकेचे लाकूड वृक्षवलयांवरून तपासले असता, तिचा ओक डब्लिनच्या परिसरातला आणि बांधणी १०४२ च्या सुमाराची असल्याचे आढळले. म्हणजे डेन्मार्कच्या खाडीच्या तळाशी सापडलेली ही नौका आयर्लंडमध्ये जन्मलेली होती. तिची साठ वल्ह्यांची प्रतिकृती २००७ मध्ये रोस्किल्डहून डब्लिनला गेली आणि पुढच्या वर्षी परतली. उत्तर समुद्रातील एका टप्प्यात वाऱ्याने साथ न दिल्याने तिला सोबतच्या जहाजाने ओढून न्यावे लागले, हेही तितकेच बोधक आहे. समुद्रावरची मोहीम हवामानाच्या मर्जीवर चाले, आणि इतिहासात दिसणारा अनेक तांड्यांचा उशीर किंवा भरकटणे याचा उलगडा तेथे होतो.

समुद्रात जहाजांची जहाजांशी लढाई क्वचितच होई. झाली तर दोन्ही पक्ष आपापली जहाजे दोरांनी एकत्र बांधून एक तरंगता चौथरा तयार करीत आणि त्यावर जमिनीवरच्यासारखी हातघाईची लढाई होई. इसवी सन १००० च्या सुमारास नॉर्वेचा राजा ओलाफ ट्रिग्वासन मारला गेला ती स्वोल्डरची लढाई या प्रकारातली होती.

शिंगे असलेली शिरस्त्राणे ते वापरत का?

नाही. डेन्मार्कमधील वेक्सो येथे १९४२ मध्ये सापडलेली शिंगांची शिरस्त्राणे ब्राँझयुगातील, म्हणजे व्हायकिंगांपूर्वी दीड हजारांहून अधिक वर्षांची आहेत. आजची प्रतिमा रूढ झाली ती १८७६ मध्ये जर्मनीतील बायरॉइट येथे संगीतकार वाग्नरच्या संगीतिकांसाठी कार्ल एमिल डोपलरने आखलेल्या वेशभूषेमुळे. नॉर्वेतील येर्मुंडबू येथे १९४३ मध्ये तुकड्यांच्या स्वरूपात मिळालेले, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी असलेले गोल लोखंडी शिरस्त्राण, आणि इंग्लंडमध्ये यार्म येथे १९५० च्या दशकात सापडून २०२० मध्ये दहाव्या शतकातले म्हणून निश्चित झालेले दुसरे, एवढीच काय ती बऱ्यापैकी शाबूत उदाहरणे आहेत.

त्यांची मुख्य शस्त्रे कोणती होती?

भाला, ढाल आणि कुऱ्हाड ही सामान्य शिपायाची शस्त्रे. तलवार ही ऐपतदाराची. धनुष्यबाणही सर्रास वापरले जात. ढाल गोल, पातळ लाकडी फळ्यांची आणि मध्यभागी मुठीच्या रक्षणासाठी लोखंडी वाटी असलेली असे. गोक्स्टाडच्या ढाली आळीपाळीने पिवळ्या आणि काळ्या रंगवलेल्या होत्या. कड्यांचे चिलखत फार थोड्यांना परवडे. लांब दांड्याची, रुंद पात्याची मोठी कुऱ्हाड ही मुख्यतः दहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दिसते, आरंभीच्या छाप्यांच्या वेळी नाही.

तलवारींमध्ये ‘उल्फबेर्ट’ अशी अक्षरे पात्यात जडवलेल्या तलवारींचा गट विशेष प्रसिद्ध आहे. युरोपभर अशी सुमारे १७० पाती मिळाली असून ती बहुधा ऱ्हाईन नदीच्या फ्रँक मुलखात तयार झाली. काही उत्तम पोलादाची, तर काही हलक्या प्रतीची आणि चुकीच्या अक्षरांची आहेत. नावाजलेल्या मालाची नक्कल तेव्हाही होत होती. आपल्याच कारागिरांची शस्त्रे शत्रूच्या हाती जात असल्याचे फ्रँक राजा चार्ल्स द बाल्ड याला ठाऊक होते. ८६४ च्या पीत्र येथील फर्मानात त्याने उत्तरेकडच्या लोकांना शस्त्रे, चिलखते आणि घोडे विकणाऱ्यास देहदंड सांगितला.

येथे पुराव्याची एक मर्यादा लक्षात ठेवावी. नॉर्वेत शस्त्रांसह पुरण्याची चाल दीर्घकाळ टिकली, म्हणून तेथे तलवारी विपुल मिळतात. डेन्मार्कमध्ये त्या कमी मिळतात. यावरून डेन कमी लढवय्ये होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. थडग्यात काय ठेवायचे हे मृताच्या नातलगांनी ठरवलेले असते, आणि मृताने रणात काय वापरले याच्याशी ते जुळेलच असे नाही.

रणांगणावर त्यांची लढण्याची रीत कशी होती?

ढालीला ढाल भिडवून रांग धरायची, आधी बाण आणि फेकीचे भाले सोडायचे, मग अंगावर जाऊन समोरची रांग फोडायची, ही मूळ रीत. आणि त्यांचे इंग्रज वा फ्रँक शत्रूही थोड्याफार फरकाने तसेच लढत. ९९१ मध्ये एसेक्समधील माल्डन येथे झालेल्या लढाईवर एक जुनी इंग्रजी कविता अपूर्ण अवस्थेत उरली आहे. भरतीमुळे बेटावर अडकलेल्या व्हायकिंगांनी आधी सोने मागितले, नकार मिळाल्यावर ओहोटीला अरुंद वाटेवरून पलीकडे येऊ देण्याची मागणी केली. इंग्रज सरदार बिर्टनॉथने ती मान्य केली आणि पुढच्या लढाईत तो मारला गेला. कवीने वीरांच्या तोंडी घातलेली भाषणे बाजूला ठेवली, तरी तो क्रम विश्वसनीय वाटतो : पैसे मागा, नाही मिळाले तर लढा.

हाडे या रीतीला दुजोरा देतात. गोक्स्टाडच्या जहाजात पुरलेल्या पुरुषाच्या दोन्ही पायांवर धारदार शस्त्रांचे वार आहेत, आणि ते स्वाभाविक आहे, कारण गोल ढालीखाली पाय उघडे राहतात. इंग्लंडमधील रेप्टनच्या एका योद्ध्याच्या कवटीवर आघात आहे, डोळ्यात शस्त्र घुसल्याची खूण आहे आणि मांडीच्या हाडावर खोल घाव आहे.

मात्र उघड्या मैदानावर व्हायकिंग अजिंक्य होते, ही समजूत टिकत नाही. ८७१ मध्ये ॲशडाऊन, ८७८ मध्ये एडिंग्टन, ८८१ मध्ये सोकूर, ८९१ मध्ये डील नदीकाठी त्यांचा पराभव झाला. एका मोठ्या लढाईत सगळे पणाला लावण्याचे ते शक्यतो टाळीत. तटबंदीआड जाऊन शत्रूचे अन्न आणि धीर संपण्याची वाट पाहणे त्यांना अधिक मानवे. आल्फ्रेडच्या फौजेत ठरावीक मुदतीसाठी बोलावलेले लोक असत. मुदत संपली की ते घरी जात, हे पलीकडच्यांना चांगले माहीत होते.

८६५ चे ‘महासैन्य’ म्हणजे काय, आणि त्याच्याबद्दल एवढी चर्चा का होते?

कारण येथे लेखी नोंद आणि जमिनीतला पुरावा एकमेकांना भेटतात. इतकी जवळची गाठ व्हायकिंग युद्धाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या इंग्रजी वार्षिक नोंदींनुसार ८६५ मध्ये एक मोठे सैन्य ईस्ट अँग्लिया या पूर्व इंग्लंडमधील राज्यात उतरले आणि तेथील लोकांनी घोडे देऊन त्याच्याशी समेट केला. घोडे मिळाल्यावर जहाजांवरची अवलंबिता संपली. ८६६ मध्ये यॉर्क. ८६७ मध्ये ते परत घेण्यासाठी आलेले नॉर्थम्ब्रियाचे दोन्ही राजे ठार. ८६९ मध्ये ईस्ट अँग्लियाचा राजा एडमंड ठार. ८७१ मध्ये वेसेक्सशी एकाच वर्षात अनेक लढाया आणि अखेर पैसे घेऊन माघार. ८७२–७३ चा हिवाळा टॉर्क्सी येथे आणि ८७३–७४ चा रेप्टन येथे गेला. त्यानंतर सैन्याचे दोन भाग झाले, आणि ८७६ मध्ये त्यांतील एक पुढारी हाफडान याच्या लोकांनी नॉर्थम्ब्रियाची जमीन वाटून घेऊन नांगर धरला.

या वेळापत्रकात एक शिस्त आहे. शरद ऋतूत, पीक कोठारांत आल्यावर, नदीकाठचे एखादे राजकीय वा धार्मिक केंद्र गाठायचे, तेथे हिवाळा काढायचा, राजाकडून तह विकत घ्यायला लावायचा आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या राज्याकडे वळायचे. पुरवठ्याची चिंता शत्रूच्या गळ्यात घालण्याची ही पद्धत होती.

टॉर्क्सीचा तळ क्रॉनिकलमध्ये एका वाक्यात उरकलेला आहे. शोधकांनी धातुशोधक यंत्रांनी गोळा केलेल्या वस्तू आणि ज्युलियन रिचर्ड्स व डॉन हॅडली यांच्या नेतृत्वाखालील पाहणी यांमुळे ते एक वाक्य आता कितीतरी भरले आहे. ट्रेंट नदीकाठी, दलदलीने वेढलेल्या सुमारे ५५ हेक्टरांच्या उंचवट्यावर हा तळ होता. तेथे दिऱ्हम या अरबी चांदीच्या नाण्यांचे शंभराहून अधिक तुकडे, तोडलेली चांदी, वजने, शिशाच्या तीनशेहून अधिक सोंगट्या, तसेच कातकामाची आणि कारागिरीची साधने मिळाली आहेत. लूट वितळवली जात होती, तोलली जात होती, जहाजे दुरुस्त होत होती, शिडे शिवली जात होती, आणि बहुधा स्त्रियाही सोबत होत्या. थोडक्यात ते हिवाळ्यापुरते वसलेले बाजारगाव होते, आणि सोंगट्यांच्या संख्येवरून पाहता तेथील लोकांकडे रिकामा वेळही भरपूर असावा.

रेप्टनचे उत्खनन मार्टिन बिडल आणि बिर्टे क्यॉल्बी-बिडल यांनी १९७४ ते १९८८ या काळात केले. तेथे चर्चलाच दरवाजासारखे वापरून नदीकाठी इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा खंदक खणलेला होता. मगाशी उल्लेख केलेल्या योद्ध्याच्या गळ्यात थॉर देवाच्या हातोड्याचे पदक होते, शेजारी तलवार होती आणि दोन्ही मांड्यांमध्ये रानडुकराचा सुळा ठेवलेला होता. जवळच एका जुन्या वास्तूत किमान २६४ माणसांची हाडे रचलेली होती आणि त्यांत पुरुषांचे प्रमाण मोठे होते. कार्बन कालमापनात यांतील काही हाडे नवव्या शतकाहून बरीच जुनी भासत असल्याने दीर्घकाळ घोळ होता. २०१८ मध्ये कॅट जार्मन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्यांच्या आहारात समुद्री मासे जास्त असतात त्यांच्या हाडांचे कार्बन-वय खऱ्यापेक्षा जास्त दिसते; ती दुरुस्ती केल्यावर सर्व हाडे ८७३–७४ शी जुळू शकतात.

सैन्ये खरोखर किती मोठी असत?

सातव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा इने याने केलेल्या कायद्यात ३५ पेक्षा जास्त हल्लेखोरांना सैन्य म्हटले आहे. याचा आधार घेऊन, आणि भिक्षूंनी भीतीपोटी आकडे फुगवले असे मानून, १९६० च्या दशकात इतिहासकार पीटर सॉयर यांनी व्हायकिंग सैन्ये काही शेकड्यांचीच असावीत असे मांडले. ही शंका त्या काळी आवश्यकच होती, कारण ८८५ च्या पॅरिस वेढ्याचा वर्णनकार भिक्षू आबो ४०,००० शत्रू सांगतो, आणि त्यावर कोणी विश्वास ठेवू नये. पण टॉर्क्सीचा विस्तार पाहता शेकड्यांचा अंदाज फार तोकडा पडतो. आज बहुतेक अभ्यासक महासैन्याच्या बाबतीत काही हजारांचा विचार करतात. सॉयर यांच्यापुढे तेव्हा टॉर्क्सीचा पुरावा नव्हता, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

तटबंदी असलेल्या शहरांपुढे त्यांचे काय चाले?

फारसे नाही, आणि हे ओळखूनच त्यांच्या विरोधकांनी उपाय शोधला. पीत्रच्या फर्मानात नद्यांवर तटबंद पूल बांधण्याची आज्ञा होती. ८८५–८६ मध्ये पॅरिसच्या अशाच पुलाने आणि त्याच्या बुरुजाने ओडो या सरदाराच्या हाताखाली महिनोन् महिने दम धरला. आबोच्या वर्णनात वेढा घालणारे दगडफेकी यंत्रे वापरतात, खंदक भरतात, जळती जहाजे पुलाकडे सोडतात. तरी शहर पडत नाही. शेवटी सम्राट चार्ल्स द फॅट सैन्य घेऊन आला, पण लढण्याऐवजी त्याने ७०० पौंड चांदी देऊन त्यांना बर्गंडी लुटण्याची मुभा दिली. ओडो दोन वर्षांनी राजा झाला, यात नवल नाही. वेसेक्समध्ये आल्फ्रेड आणि त्याच्या मुलाने कोटबंद ठाण्यांचे जाळे उभारले. त्यांच्या संरक्षणासाठीची जी यादी उरली आहे तिच्यातील माणसांची बेरीज सुमारे २७,००० होते.

व्हायकिंगही तटबंदीचे जाणकार होते. आयर्लंडमध्ये ८४१ पासून जहाजांचे कोटबंद तळ उभे राहिले आणि त्यांतील एकाचे पुढे डब्लिन शहर झाले. डेन्मार्कमध्ये हारल्ड ब्लूटूथ राजाच्या काळी, ९८० च्या सुमारास, ट्रेलेबोर्ग पद्धतीचे अचूक वर्तुळाकार किल्ले बांधले गेले. त्यांतील सर्वांत मोठ्या आगर्सबोर्गचा व्यास सुमारे २४० मीटर आहे. हे किल्ले फार थोडी वर्षे वापरात राहिले.

युद्धातून त्यांना नेमके काय मिळे?

चांदी, गुलाम आणि पुढे जमीन. ८४५ मध्ये पॅरिस सोडण्यासाठी ७,००० पौंड चांदी दिली गेली. माल्डननंतर ९९१ मध्ये इंग्लंडने १०,००० पौंड दिले, आणि १०१८ मध्ये क्नूटने आपले सैन्य चुकते करण्यासाठी ७२,००० पौंड आणि शिवाय लंडनकडून १०,५०० पौंड वसूल केल्याची नोंद आहे. या आकड्यांच्या अचूकतेवर वाद असला तरी खंडणीचा माग जमिनीत लागतो : इंग्लंडचा तेव्हाचा राजा एथेलरेड याची नाणी इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियात अधिक सापडली आहेत. स्वीडनच्या उपलांड प्रांतातील एका रूनशिलेवर (रून या जुन्या उत्तरी लिपीतील शिलालेखावर) उल्फ नावाच्या माणसाबद्दल कोरले आहे, की त्याने इंग्लंडमध्ये तीनदा खंडणीचा वाटा घेतला. पहिला टोस्टीने दिला, मग थोर्केटिलने, मग क्नूटने. शिपायाच्या बाजूने लिहिलेला याहून नेटका हिशोब मिळणे कठीण.

गुलामांचा व्यापार जमिनीत फारशी खूण ठेवत नाही, म्हणून तो आपल्या चित्रातून गळतो. आयरिश नोंदींमध्ये ८२१ साली डब्लिनजवळच्या हाउथ येथून मोठ्या संख्येने स्त्रियांना पळवून नेल्याचे एका ओळीत सांगितले आहे. मठातील सोन्याच्या पेटीपेक्षा माणसे हीच अनेक छाप्यांची खरी लूट असावी.

स्त्रिया लढत होत्या का?

स्वीडनमधील बिर्का येथे १८७८ मध्ये उघडलेल्या बीजे ५८१ क्रमांकाच्या थडग्यात तलवार, कुऱ्हाड, भाले, चिलखतभेदी बाण, दोन ढाली, सोंगट्या आणि दोन घोडे होते. ते पुरुष योद्ध्याचे म्हणून शतकभर दाखवले गेले. २०१७ च्या डीएनए तपासणीत ती व्यक्ती स्त्री असल्याचे निष्पन्न झाले. हाडांची अदलाबदल झाली असावी हा आक्षेप संशोधकांनी जुन्या नोंदी दाखवून खोडला. तरी शस्त्रांसह पुरलेली व्यक्ती प्रत्यक्ष लढलीच होती का, हा प्रश्न उरतो. परंतु तो पुरुषांच्या थडग्यांनाही तेवढाच लागू आहे आणि तेथे तो दीडशे वर्षे कोणी फारसा विचारला नाही. एका थडग्यावरून स्त्रियांच्या पलटणी उभ्या करू नयेत.

‘बेर्सर्क’ आणि ‘रक्तगरुड’ यांत तथ्य किती?

बेर्सर्क हे राजाजवळचे निवडक योद्धे म्हणून एका जुन्या प्रशस्तिकाव्यात येतात. वेडाच्या भरात ढाल चावणारी त्यांची मूर्ती बाराव्या-तेराव्या शतकांत रंगली. रक्तगरुडाची, म्हणजे पाठीच्या बरगड्या उघडून केलेल्या देहदंडाची, कथा एका संदिग्ध ओळीच्या नंतरच्या अर्थांवर उभी आहे आणि तिला हाडांचा कोणताही आधार मिळालेला नाही.

व्हायकिंगांवरही अत्याचार झाले का?

झाले. १३ नोव्हेंबर १००२ रोजी एथेलरेड राजाने इंग्लंडमधील डेन लोकांची कत्तल करण्याचा हुकूम दिला. ऑक्सफर्डमध्ये डेन लोक चर्चमध्ये लपल्यावर ते चर्च जाळल्याचे राजाच्याच १००४ च्या सनदेत नमूद आहे. त्याच शहरात २००८ मध्ये तिसाहून अधिक पुरुषांचे सांगाडे एका खंदकात सापडले, त्यांच्या पाठीवर वार होते आणि काहींवर जळाल्याच्या खुणा होत्या. त्यांतील एकाचा जवळचा रक्तसंबंधी डेन्मार्कच्या फ्युन बेटावर पुरलेला असल्याचे डीएनएवरून कळले. डोर्सेटमध्ये रिजवे टेकडीवर २००९ मध्ये सापडलेल्या खड्ड्यात सुमारे पन्नास तरुणांना शिरच्छेद करून टाकले होते. त्यांच्या दातांतील समस्थानिक उत्तरेकडचे जन्मस्थान सांगतात. लढाईत जखमी झाल्याच्या जुन्या भरलेल्या खुणा मात्र त्यांच्या हाडांवर फारशा नाहीत, त्यामुळे हे कसलेले योद्धे नसून नवखे किंवा बेसावध सापडलेले असावेत.

पूर्वेकडील मोहिमांचे पुरावे कोणते आहेत?

तेथे रूस नावाने ओळखले जाणारे गट नद्यांवाटे काळ्या आणि कॅस्पियन समुद्रांपर्यंत पोहोचले. बायझंटाईन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल हिच्यावरील ८६० च्या हल्ल्याबद्दल तेथील धर्मप्रमुख फोटियसची दोन प्रवचने उरली आहेत; ९४१ मध्ये त्याच शहराने ग्रीक अग्नी या नळीतून फेकल्या जाणाऱ्या ज्वालाग्राही द्रवाने त्यांचा तांडा जाळला. बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान याने ९२२ मध्ये व्होल्गाकाठी त्यांना पाहिले आणि प्रत्येकाजवळ कुऱ्हाड, तलवार व सुरी असल्याचे लिहिले. इब्न मिस्कवैहच्या इतिहासात ९४३ मध्ये त्यांनी आजच्या अझरबैजानमधील बर्दा शहर व्यापल्याचे आणि रोगाच्या साथीने मोडून पडल्याचे वर्णन आहे. ते निघून गेल्यावर स्थानिकांनी त्यांची थडगी उकरून तलवारी काढून घेतल्या, इतक्या त्या मोलाच्या होत्या. शस्त्रांसह दफन करण्याची चाल आणि त्या थडग्यांतून शस्त्रे नाहीशी होण्याचे कारण, दोन्ही एकाच परिच्छेदात मिळावीत, हा योग विरळाच.

आइसलँडच्या सागांवर किती विसंबावे?

बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. सागा, म्हणजे आइसलँडमधील गद्य वीरकथा, बखरींच्या बाजूला मोडतात. त्या मुख्यतः तेराव्या शतकात, म्हणजे घटनांनंतर दोन-तीनशे वर्षांनी लिहिल्या गेल्या. त्यांत उद्धृत केलेली दरबारी कवींची पद्ये मात्र बांधीव वृत्तामुळे फारसा बदल न होता टिकली असावीत, म्हणून अभ्यासक गद्यापेक्षा त्यांना अधिक वजन देतात. तेराव्या शतकातील आइसलँडचा लेखक स्नोरी स्टुर्लसन याने इंग्लंडमधील २५ सप्टेंबर १०६६ च्या स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईचे सविस्तर वर्णन करताना इंग्रजांना घोडदळासह लढवले आहे, ते बहुधा नंतरच्या काळातील लढायांवरून बेतलेले आहे. समकालीन क्रॉनिकल फक्त एवढे सांगते, की नॉर्वेचा राजा हारल्ड हार्ड्राडा मारला गेला आणि उरलेल्यांना परत नेण्यासाठी २४ जहाजे पुरली. पूल एकट्याने अडवून धरणाऱ्या नॉर्वेजियनाची प्रसिद्ध गोष्टसुद्धा एका हस्तलिखितात बाराव्या शतकात जोडलेली आहे.

खुद्द रणभूमी का सापडत नाहीत?

कारण लढाई काही तासांत संपे आणि जेते लोखंड, चिलखते, अंगरखे सारे गोळा करून नेत. मृतांना अनेकदा दूर नेऊन पुरत. ॲशडाऊनची जागा निश्चित नाही. ९३७ मध्ये इंग्लंडच्या एथेलस्टन राजाने डब्लिनच्या ओलाफला आणि स्कॉट लोकांच्या राजाला हरवले त्या ब्रुनानबुर्गसाठी अनेक गावे दावा करतात, आणि लिव्हरपूलजवळच्या विरल द्वीपकल्पाचा दावा आज अधिक प्रबळ मानला जातो. याउलट जेथे सैन्य महिनोन् महिने राहिले, तेथे माणसे नाणी, वजने आणि खिळे सांडत राहिली. त्यामुळे गेल्या काही दशकांत महासैन्याविषयीची नवी माहिती रणभूमींपेक्षा छावण्यांतूनच अधिक आली आहे, आणि रेप्टनच्या जवळ फोरमार्क येथे मिळालेल्या तशाच वस्तूंमुळे ८७३ चा तळसुद्धा चर्चभोवतीच्या खंदकापुरता मर्यादित नव्हता असे आता मानले जाते.